ड्रोनवर नवी टेलिमेट्री बसवताय? आधी तिला उमेदवारी करू द्या

बेळगाव भागात उडत्या यंत्रांचं वेड आता कॉलेजच्या गॅदरिंगपुरतं राहिलेलं नाही. हत्तरगीच्या एसईझेडमध्ये विमानांचे सुटे भाग बनतात, उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या शॉपमध्ये कुणी ना कुणी ड्रोनच्या फ्रेमचा जॉब लावलेला असतो, आणि इंजिनिअरिंगची पोरं शेवटच्या वर्षाला स्वतःचं फिक्स्ड विंग (विमानासारखं स्थिर पंखांचं यान) घेऊन येतात. त्यांच्याकडून एक प्रश्न ठरलेला: "सर, नवीन टेलिमेट्री रेडिओ आलाय. बॉक्सवर रेंज पंधरा किलोमीटर लिहिलीय. रविवारी उडवून बघू का?"

रविवारी नको. का नको आणि मग कधी, ते खाली क्रमाने लिहितो. चाचणी उड्डाणाच्या उपकरणांत बरीच वर्षं वावरल्यामुळे मोठ्या विमानांकडची उदाहरणं मध्ये मध्ये येतील, पण लेख तुमच्यासारख्या छोट्या टीमसाठी आहे.

टेलिमेट्री म्हणजे उडत्या यानाचा वेग, उंची, बॅटरी, कोन अशी मापं रेडिओवरून जमिनीवर त्याच क्षणी पोचवणं. ४ जानेवारी २००१ ला तेजस बंगळुरूहून पहिल्यांदा उडालं तेव्हाही जमिनीवरच्या कक्षात इंजिनिअर पडद्यांवर हेच बघत बसले होते. मोठ्या विमानांसाठी आयरिग १०६ नावाचं जाडजूड मानक आहे, तुमच्याकडे बहुतेक मॅव्हलिंक, म्हणजे ड्रोन आणि लॅपटॉप यांच्यातली संदेशांची ठरलेली भाषा, असेल. पसारा वेगळा असला तरी धोका सारखाच. लिंक, म्हणजे यान आणि जमीन यांच्यातला रेडिओचा दुवा, तुटली की सगळ्यांना कळतं, कुणीतरी ओरडतं, यान परत बोलावलं जातं. पडद्यावर जुना किंवा चुकीचा आकडा ताज्यासारखा दिसत राहिला तर कुणीच ओरडत नाही. नवी सिस्टिम आणताना खरी काळजी या दुसऱ्या प्रकाराची घ्यायची.

१. काय बदलतंय ते एका कागदावर लिहा

"रेडिओ बदलला" एवढं पुरत नाही. रेडिओबरोबर अँटेना बदलते, तिची जागा बदलते, पॉवरची वायर बदलते, कधी लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर बदलतं, आणि पडद्यावरच्या आकड्यांचा क्रमही बदलतो. प्रत्येक बदलाची एक ओळ करा. प्रत्येक ओळीपुढे पाच रकाने: धोका काय, कशामुळे, झालं तर परिणाम काय, आधी काय काळजी घेणार, आणि उडताना झालंच तर कोण काय करणार. विमानांच्या चाचणीतही धोक्याचा तक्ता साधारण असाच असतो.

शेवटचा रकाना रिकामा ठेवायचा नाही. आणि परवानगीची मीटिंग उद्या आहे म्हणून सगळ्या ओळींना हिरवा रंग देऊन "धोका कमी" लिहिलेले तक्ते मी पुष्कळ पाहिलेत. असा तक्ता करण्यापेक्षा न केलेला बरा, निदान खोटा धीर तरी येत नाही.

एका वेळी एकच मोठी गोष्ट बदला. नवा रेडिओ, नवा ऑटोपायलट आणि नवी फ्रेम एकाच दिवशी उडवलीत तर बिघाड कुणाचा यावरच आठवडा जाईल.

२. आधी नकाशा, मग मैदान

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे आकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल पट्ट्यांत वाटलेलं आहे. हिरव्या पट्ट्यात साधारण ४०० फुटांपर्यंत मोकळीक आहे. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या कड्यात मात्र ती २०० फुटांवर येते. आपल्याकडे सांब्रा विमानतळ आहे, तिथेच हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, आणि शहरात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र व कॅम्प भाग आहे. म्हणजे गावातलं ओळखीचं मैदान बहुधा बाद. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलवरचा नकाशा जागा ठरवताना बघा आणि उडवायच्या दिवशी सकाळी पुन्हा बघा, कारण तात्पुरते निर्बंध येत-जात असतात.

दिवसही बघून ठरवा. सुवर्ण विधानसौधमध्ये अधिवेशन असताना किंवा १ नोव्हेंबरच्या (कर्नाटक राज्योत्सवाच्या) आसपास गावात बंदोबस्त असतो. तेव्हा मोटारीच्या डिकीत अँटेना आणि वायरी घेऊन फिरणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

संशोधनासाठी नियमांत सवलत आहे. मान्यताप्राप्त शैक्षणिक संस्था, सरकारदरबारी नोंद असलेला स्टार्टअप, जीएसटी क्रमांक असलेला ड्रोन उत्पादक यांना संशोधनाच्या उड्डाणाला युआयएन (ड्रोनचा नोंदणी क्रमांक) आणि रिमोट पायलट परवान्याची सक्ती नाही. अट एवढीच की जागा हिरव्या पट्ट्यात हवी, आणि ती संस्थेचं आवार किंवा तिच्या ताब्यातलं मोकळं मैदान हवं. मित्राच्या काकांचं शेत "आपलंच की" असलं तरी संस्थेच्या ताब्यात आहे असं कागद दाखवत नाही. काकांकडून लेखी संमती घ्या. जवळच्या ठाण्याला कळवायचं पत्र कन्नडमध्ये लिहून न्या, काम लवकर होतं. शिनोळी-चंदगडच्या बाजूला उडवणार असाल तर हद्द ओलांडली की ठाणं, जिल्हा आणि राज्य, तिन्ही बदलतात, हेही लक्षात असू द्या.

३. बॉक्सवरचा आकडा वाचा

ऑनलाइन स्वस्तात मिळणारे बरेच टेलिमेट्री रेडिओ ९१५ मेगाहर्ट्झचे असतात. तो बँड अमेरिकेत मोकळा आहे, आपल्याकडे नाही. इथे ९०० च्या आसपासची जागा मोबाइल कंपन्यांची आहे. भारतात विनापरवाना वापरता येतो तो ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा, ठरवून दिलेल्या ताकदीत. २.४ गिगाहर्ट्झही चालतो, पण तिथे गावभरचं वायफाय असतं. ४३३ मेगाहर्ट्झची सवलत १० मिलिवॅटसारख्या अगदी थोड्या ताकदीपुरती आहे. १०० मिलिवॅटचा रेडिओ तिच्यात बसत नाही.

"सेटिंगमध्ये ९१५ चं ८६६ करू" ही युक्ती कुणीतरी सुचवेलच. आकडा बदलतो, पण आतला फिल्टर आणि अँटेना बहुधा जुन्याच बँडसाठी जुळवलेले असतात. रेंज पडते आणि दोष नव्या सिस्टिमवर जातो. पहिल्यापासून ८६५ चाच घ्या. रेडिओला दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी शाखेची इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल आहे का ते विक्रेत्याला विचारा, आणि असेल तर तिची प्रत फाइलला लावा. तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. सुटे भाग त्यात येत नाहीत, पण "किट" म्हणून जवळजवळ अख्खं यान मागवलंत तर कस्टममध्ये अडकेल.

४. रेंजचं गणित, ऊस धरून

मोकळ्या हवेत सिग्नल किती घटतो याचं सूत्र सोपं आहे: किलोमीटरमधल्या अंतराच्या लॉगची २० पट, अधिक मेगाहर्ट्झमधल्या फ्रीक्वेन्सीच्या लॉगची २० पट, अधिक ३२.४. ८६६ मेगाहर्ट्झला ५ किलोमीटरवर घट येते सुमारे १०५ डेसिबल. त्याच अंतराला २४०० वर सुमारे ११४. हा नऊ डेसिबलचा फरक मोठा आहे.

आता हिशेब मांडा. सिग्नलची ताकद डीबीएममध्ये मोजतात, १०० मिलिवॅट म्हणजे २० डीबीएम. दोन्ही अँटेनांचे मिळून ४ धरा. १०५ वजा केले की रिसीव्हरला उणे ८१ डीबीएम मिळतात. रेडिओच्या कागदावर तुमच्या डेटा रेटला दिलेली सेन्सिटिव्हिटी (रिसीव्हरला ऐकू येणारा सगळ्यात क्षीण सिग्नल) बघा आणि दोन्हींत किमान १५ ते २० डेसिबलचं अंतर उरतं का ते तपासा. वळताना अँटेना यानाच्याच पोटाआड जाते, तेव्हा ही शिल्लक कामी येते.

बॉक्सवरचे पंधरा किलोमीटर इथेच कोसळतात. सिग्नल दोरीसारखा सरळ जात नाही, त्याला भोवताली जागा लागते. ५ किलोमीटरच्या लिंकला मधोमध सुमारे २० मीटर त्रिज्येची मोकळीक हवी. हुक्केरी-चिक्कोडीकडे सप्टेंबरात ऊस माणसाच्या दुप्पट उभा असतो, पानं ओली असतात, आणि तुमची अँटेना ट्रायपॉडवर छातीएवढ्या उंचीला. तोडणी झाल्यावर एप्रिलमध्ये मिळालेली रेंज सप्टेंबरात मिळणार नाही. चाचणीच्या नोंदीत पिकाची उंची लिहायला सांगतो तेव्हा पोरं हसतात, पण लिहा. जमिनीवरची अँटेना गच्चीवर किंवा निदान चार-पाच मीटरच्या खांबावर चढवा. नुसत्या पावसाने या फ्रीक्वेन्सीला विशेष फरक पडत नाही. खानापूरच्या पावसात घात करतं ते कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी, म्हणून जोड टेपने बंद करा.

५. टेबलावर मुद्दाम बिघाड करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. प्रोपेलर काढा, यान टेबलावर ठेवा, समोर लॅपटॉप.

नाक हाताने वर-खाली करत राहा. पडद्यावरचं क्षितिज हलतंय? हलवता हलवताच यानावरच्या रेडिओची पॉवर काढा. पॉवरच काढायची, अँटेना नाही, कारण अँटेनाशिवाय ट्रान्समीटर चालला की जळू शकतो. आता पडद्याकडे बघा. तुम्ही यान हलवताय, क्षितिज मात्र शेवटच्या कोनात गोठून उभं. उंची तीच, वेग तोच, रंगही नेहमीचेच. काही सेकंदांनी "लिंक गेली" असा इशारा येतो. ते सेकंद मोजून लिहून ठेवा. यान सेकंदाला १८ मीटर जात असेल आणि इशारा पाच सेकंदांनी येत असेल, तर पडदा तुम्हाला ९० मीटर मागचं यान दाखवत होता.

मग अर्धवट लिंक करून बघा. पूर्ण तुटलेलीपेक्षा ही वाईट. मध्ये अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल मुद्दाम क्षीण करणारा भाग) लावा किंवा रेडिओ दूरच्या खोलीत न्या, म्हणजे बरेच पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) गळायला लागतील. मॅव्हलिंकमध्ये उंची एका संदेशातून येते, बॅटरी दुसऱ्यातून, आणि दोन्ही वेगवेगळ्या गतीने येतात. त्यामुळे एकाच पडद्यावर उंची आत्ताची आणि बॅटरी मघाची असं होतं, आणि बघणाऱ्याला दोन्ही सारखेच ताजे वाटतात. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक आकड्याचं वय दाखवायची सोय असेल तर लावा. नसेल तर निदान हार्टबीट (यान ठरावीक वेळाने पाठवतं तो "मी आहे" संदेश) आणि पॅकेट गळतीचं प्रमाण मोठ्या अक्षरांत पडद्यावर आणा.

नंतर सेन्सर एकेक करून मारा: पिटोच्या (हवेचा वेग मोजणाऱ्या नळीच्या) तोंडावर बोट, जीपीएसची वायर बाहेर. दर वेळी विचारा, पडदा "माहीत नाही" असं सांगतो, की शून्य दाखवतो, की जुनाच आकडा धरून बसतो? शून्य दाखवणारी सिस्टिमही फसवते, कारण शून्य वेग हासुद्धा एक आकडा आहे.

उशीर मोजायला मोबाइलचा स्लो मोशन पुरतो. यान आणि पडदा एका फ्रेममध्ये घ्या, यान झटक्यात वाकवा, मग फ्रेम मोजा. २४० फ्रेमच्या व्हिडिओत ६० फ्रेम म्हणजे पाव सेकंद.

आणखी दोन खड्डे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे. जुना पडदा जमिनीपासूनची उंची ४० दाखवतो आणि नवा समुद्रसपाटीपासूनची ७९०. दोन्ही खरे, पण घाईत "सातशे नव्वद!" ऐकून कुणी खाली आणलं तर यान थेट शेतात. दुसरा खड्डा वेळेचा. बऱ्याच लॉगमध्ये जागतिक वेळ असते आणि लॅपटॉपवर आपली, साडेपाच तासांचा फरक. तो डोळ्यांना लगेच दिसतो. लॅपटॉपचं घड्याळ तीन सेकंद पुढे असेल तर ते दिसत नाही, म्हणून निघण्याआधी घड्याळ जुळवून घ्या.

६. नवा पाहुणा घरच्यांना त्रास देतो का?

रेडिओ पूर्ण ताकदीवर चालू करा आणि जीपीएसला किती उपग्रह दिसतात, सर्व्हो थरथरतात का, पिटोचा आकडा नाचतो का ते बघा. एक वॅटचा रेडिओ बोलताना करंट झटक्यात ओढतो. ऑटोपायलटच्याच पुरवठ्यावर टांगलेला असेल तर व्होल्टेज बसतं. त्याला वेगळा रेग्युलेटर द्या. अँटेना जीपीएसपासून लांब ठेवा आणि कार्बन फायबरच्या मागे लपवू नका.

७. उमेदवारी

उद्यमबागेत नवा पोरगा आला की पहिल्या दिवशी कुणी त्याच्या हातात महागडा जॉब देत नाही. तो आधी सेटरच्या शेजारी उभा राहतो. नव्या टेलिमेट्रीलाही तेच लागू.

जुना रेडिओ यानावरच राहू द्या. उड्डाणाचे सगळे निर्णय जुन्या पडद्यावरून होतील आणि फेलसेफ (लिंक गेल्यावर यानाने आपोआप करायची कृती) जुन्या लिंकलाच बांधलेला राहील. नव्या पडद्यावर एक जण फक्त बघेल आणि लिहील. नव्या लॅपटॉपवरून आज्ञा जाणार नाहीत अशी सेटिंग करा. ते जमत नसेल तर बघणाऱ्याचा हात माउसवर नको. तिसरा साक्षीदार म्हणजे यानावरच्या मेमरी कार्डातला लॉग, तो कायम चालू हवा.

दोन रेडिओ एकत्र ठेवण्यातही धोका आहे, हे पुष्कळ जण विसरतात. एकाच बँडचे दोन रेडिओ एका फ्रेमवर जवळ जवळ बसवले तर एक बोलताना दुसरा बहिरा होतो. शक्य तर बँड वेगळे घ्या, नाहीतर अँटेना पंखांच्या दोन टोकांना लावा आणि सहावी पायरी दोन्ही चालू ठेवून पुन्हा करा.

या रेडिओंचा नेटवर्क क्रमांक बहुधा कंपनीने दिलेलाच राहतो. सिक (SiK) फर्मवेअरच्या रेडिओंत तो २५ असतो. मैदानावर दुसरी टीमही तोच घेऊन आली तर तुमच्या पडद्यावर त्यांचं यान दिसू शकतं. स्वतःचा क्रमांक घाला, यानाचा सिस्टिम क्रमांकही बदला, आणि मॅव्हलिंक २ असेल तर संदेशांवर सही करायची सोय चालू करा.

उमेदवारी कधी संपली हे आधीच लिहून ठेवा: किती उड्डाणं, किती अंतर, किती टक्के पॅकेट, किती उशीर चालेल. उडवल्यावर निकष लिहिलेत तर मिळालेला आकडाच निकष होतो.

मैदानावर न्यायची पिशवी:

- धोक्याचा तक्ता आणि निकषांचा कागद, दोन्ही छापलेले
- जागेची लेखी संमती, ठाण्याला दिलेल्या पत्राची पोच, संस्थेचं पत्र
- रेडिओच्या मंजुरीची प्रत, विमा असेल तर तो
- सकाळच्या नकाशाचा स्क्रीनशॉट
- अ‍ॅटेन्युएटर, सुट्या अँटेना, जोडांवर लावायला टेप
- जुन्या आणि नव्या रेडिओच्या सेटिंगची फाइल, पेन ड्राइव्हवर
- मल्टिमीटर, रिकामं मेमरी कार्ड, आग विझवायला वाळूची बादली

फर्मवेअर आदल्या आठवड्यात गोठवा. मैदानावर "अपडेट उपलब्ध" दिसलं तरी हात लावायचा नाही.

८. कोण बोलणार, कोण थांबवणार

१९ जानेवारी १९९५ ला कॅलिफोर्नियात एडवर्ड्सजवळ एक्स-३१ हे संशोधन विमान पडलं. विमानाचं नाक खूप वर असतानाही हवेचा वेग नीट मोजता यावा म्हणून त्याच्यावर वेगळ्या प्रकारचा पिटो बसवला होता. म्हणजे बदल चांगल्या मापासाठीच होता. पण या पिटोला हीटर जोडलेला नव्हता. पिटोत बर्फ धरला, वेग चुकीचा येऊ लागला आणि उड्डाण नियंत्रणाचा संगणक त्याच वेगावर विसंबून चालत राहिला. वैमानिकाने पिटो हीटरचं बटण चालू केलं होतं. ते कशालाच जोडलेलं नाही हे जमिनीवरच्या लोकांना माहीत होतं, पण वैमानिकापर्यंत ते फार उशिरा पोचलं. सोबतच्या विमानाला ते संभाषण ऐकूच येत नव्हतं. वैमानिक इजेक्ट करून वाचला, विमान गेलं.

तुमच्या शेतातल्या चाचणीत यातून तीन गोष्टी करा. पडद्यावर काही विचित्र दिसलं की शेजाऱ्याशी कुजबुजायचं नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचं. थांबवायचा शब्द एकच ठरवा. टीममध्ये निम्मे मराठी, निम्मे कन्नड बोलणारे असतात, तेव्हा "अबॉर्ट" सरळ पडतो. आणि तो शब्द उच्चारायचा हक्क सगळ्यांना द्या, नव्या पडद्यावर बसलेल्या ज्युनिअरलासुद्धा. अबॉर्ट ऐकलं की पायलटने कारण न विचारता यान परत आणायचं. कारण खाली उतरल्यावर.

पहिलं उड्डाण डोळ्यांना दिसेल एवढ्याच अंतरात, हातच्या कंट्रोलवर. मग अंतर वाढवा, मग उंची, मग वळणं. हे सगळं एकाच फेरीत करू नका. लिंक गेल्यावर यानाने परत येण्याची उंची निलगिरीच्या झाडांच्या आणि हाय टेन्शनच्या तारांच्या वर ठेवा, पण परवानगीच्या मर्यादेत. दोन्ही एकत्र बसत नसतील तर मैदान बदला. लिंक मुद्दाम तोडून फेलसेफची परीक्षा घ्यायची असेल तर ती आधी जवळ आणि कमी वाऱ्यात घ्या.

९. लॉग शेजारी शेजारी

घरी आल्यावर कार्डातला लॉग खरा माना आणि दोन्ही पडद्यांचे लॉग त्याच्यापुढे ठेवा. पॅकेट कुठे गळले ते अंतरापुढे मांडा, आणि मग वळणाच्या कोनापुढेही मांडा. अंतराने गळत असतील तर हिशेब चुकला. ठरावीक बाजूला वळताना गळत असतील तर अँटेनाची जागा चुकली. मोठ्या विमानांवर यासाठी पोटाखाली एक आणि पाठीवर एक अशा दोन अँटेना लावतात. पण दोघी एकच सिग्नल पाठवू लागल्या की काही दिशांना एकमेकींना खोडतात, म्हणून तिथे खास कोडिंग वापरतात. तुमच्या रेडिओत ते नसेल तर दुसरी अँटेना टी-जोडाने लावायच्या भानगडीत पडू नका.

निकष पुरे झाले की निर्णय नव्या पडद्यावर न्या, फेलसेफ नव्या लिंकला बांधा, आणि टेबलावरची पाचवी पायरी अख्खी पुन्हा करा, कारण आता बांधणी बदलली आहे. जुना रेडिओ लगेच विकू नका. त्याची सेटिंग फाइल, अँटेना आणि वायर एका डब्यात लेबल लावून ठेवा, निदान उभ्या उसाचा एक हंगाम जाईपर्यंत.